अप्पांना उचलताना

उचलणाऱ्या यंत्राने गार हात पाठीखाली घातले, तसे अंथरुणाला खिळलेल्या अप्पांनी डोळे घट्ट मिटले. लेक शर्वाणी नुसती बघत राहिली. वजन उतरवणाऱ्या गोळ्यांनी ती सगळ्या गावासारखी सडपातळ झाली होती, पण पाण्याची बादलीही तिला उचलवत नव्हती.

तिने गोळ्या सोडल्या आणि डंबेल्स आणले.

“पुन्हा जाड होशील गं,” बहीण म्हणाली.

“होऊ दे. मला अप्पांना उचलायचंय.”

सुरुवातीला दंड ठणकायचे. तरी तिने व्यायाम सोडला नाही.

वर्षभराने एका सकाळी तिने यंत्र बाजूला सारलं आणि अप्पांना दोन्ही हातांवर उचललं.

“जड होतोय ना गं मी?” अप्पांनी विचारलं.

“होताय की,” शर्वाणी हसून म्हणाली आणि खुर्ची शेजारीच असताना त्यांना खिडकीपर्यंत घेऊन गेली.