हलके हात

काखेजवळ येताच यंत्राचे हात आजही हलके झाले, तशी हेमलता पलंगावर उठूनच बसली.

"वन्सं, खरं सांगा. दुखणं उलटलंय ना?"

"अगं, टाके आहेत तिथं. म्हणून हळू चोळतात," नणंद शकुंतला म्हणाली. यंत्रापाशी उभी असलेली मालिश केंद्रातली नीरजाही दर वेळी मऊ आवाजात नेमकं हेच सांगायची. दोघींनी शब्दही तेच वापरावेत, यातच हेमलताला पाणी मुरताना दिसत होतं. केमो संपल्यापासून ती दर मंगळवारी या तेलमालिशीला येत होती. त्या रबरी हातांना कातडीखालचा बिघाड कळतो आणि तिथं ते आपोआप दाब कमी करतात, एवढं तिला ठाऊक होतं. जुनी जखम की नवी गाठ, हे मात्र ते सांगत नसत.

"मग तुम्हीच झोपा बघू. तुम्हाला तर कधी साधा टाकाही पडलेला नाही."

शकुंतला हसत पालथी झोपली. हातांनी तिचे खांदे रगडले, काखेजवळ रगडलं, पाठ रगडली. कमरेच्या उजव्या बाजूला आले आणि मांजरीच्या पावलांसारखे हलके झाले. वर गेले, पुन्हा तिथंच येऊन हलके झाले.

हेमलतानं नीरजाकडे पाहिलं. नीरजानं नजर चुकवली.

"बघ," शकुंतला डोळे मिटूनच म्हणाली, "माझ्यावरही हळूच चालतात. फिटली ना शंका?"

"फिटली, वन्सं," हेमलता म्हणाली. तिचाही आवाज नीरजासारखाच मऊ आला.