उजवी विंग
नाताळच्या खेळात आमच्याकडे दुष्ट पात्र डावीकडून येतं आणि परी उजवीकडून. डावीकडून कोणी आलं की सगळं गाव हुर्यो उडवतं. यंदाच्या नाताळच्या संगीत नाटकात काचेच्या बुटांच्या गोष्टीतली सावत्र आई चांगली दाखवलीय, म्हणून ती उजवीकडून येणार होती. ते काम ग्लेनिसचं, सावत्र मुलीचं माझं. माझी आई गेल्यावर वर्षाच्या आत बाबांनी ग्लेनिसशीच लग्न केलं, तेव्हापासून पबमध्ये कुणी तिच्याशी बोलत नाही. पडदा उघडला तर ग्लेनिस डाव्या विंगेत! "इथे काय करतेस?" मी विचारलं. "कुठूनही गेले तरी हुर्यो ठरलेलीच, निया. इथून गेले तर निदान नाटकातली वाटेल." माझं डोकंच सटकलं. तिला मागच्या पडद्याआडून ओढत नेलं आणि उजवीकडून दोघी शिरलो. हुर्यो नाही. टाळ्याही नाहीत. ती थिजलेली. मी कुजबुजले, "गा तू. कोण ओरडतंय बघते मी."