पिवळ्या खड्यातला किडा

“बाबा, घरात तरी ये,” अंबूबाई उंबऱ्यातून म्हणाली.

“नगं मावशी, हितंच बरं हाय. आदी ह्ये घ्या.”

अंगात खाकी, खांद्याला पिशवी, असा सिद्धू अंगणातच उभा राहिला. जोतिबानं त्याला बजावलं होतं. घरात न्यायचं नाही. आईला अंगणात बोलवायचं आणि तिच्याच हातात द्यायचं. त्यानं पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी पुढं केली. अंबूबाईनं गाठ सोडली. आत सुपारीएवढा पिवळा खडा होता. तो बघितला आणि ती मटकन खाली बसली.

सिद्धूला वाटलं, लेकाची भेटवस्तू बघून म्हातारी हरखली. खडा होताच तसा. उन्हात धरला की मधासारखा दिसायचा आणि त्याच्या पोटात एक किडा होता. ब्रह्मदेशातल्या एका डोंगरी गावात तो जोतिबाला मिळाला होता. आसामातल्या फौजी दवाखान्यात बंगाली डॉक्टरनं त्याला भिंग लावलं. हा दगड नव्हे, झाडाचा चीक आहे, कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून घट्ट झालेला, असं त्यानं सांगितलं. आतला किडा माशी नाही आणि मुंगीही नाही. माणूस जन्माला यायच्या आधीच त्याचं सगळं कूळ बुडालं. जोतिबाला कुळाचं सोयरसुतक नव्हतं. तो पाय मोजत बसला होता.

“सहाच्या सहा शाबूत हायती गड्या,” तो म्हणाला होता. त्याचे स्वतःचे दोन्ही पाय सुरुंगानं नेले होते.

हे घरी सांगायचं नाही, अशी बिरोबाची आण त्यानं सिद्धूला घातली होती. सिद्धू जतकडचा धनगर. बिरोबाची आण म्हणजे त्याच्यापुढं सगळं संपलं.

“कदी गेला?” अंबूबाईनं विचारलं.

“कोन?”

“माजा जोतिबा.”

सिद्धू उडालाच. “आवं, असं काय बोलताय? जित्ता हाय की! ठणठणीत हाय.”

“हिंडतोय, फिरतोय?”

प्रश्न एवढासाच. पण पाच वर्षं फौजेत काढूनही सिद्धूला खोटं बोलायचं जमलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि मग “व्हय” म्हणाला. त्या ‘व्हय’वर शेंबड्या पोरानंही विश्वास ठेवला नसता.

अंबूबाई रडली नाही. तिनं परड्याकडं तोंड करून हाक मारली. तिचा दीर हंबीरराव आला. त्यानं फडकं पाहिलं, खडा पाहिला, अंगणात अवघडून उभा असलेला फौजी पाहिला आणि डोक्याचं मुंडासं काढलं.

“अंजनाच्या बापाकडं मानूस धाडा,” अंबूबाई त्याला म्हणाली. “सुपारी फुटून तीन वर्सं झाली. परक्याच्या पोरीला किती दिस आडकवून ठेवायची? मोकळी केली म्हनावं.”

आता मात्र सिद्धूच्यानं राहवेना. बिरोबाला मनात हात जोडून त्यानं आण मोडली.

“मावशी, त्येचं पाय गेल्यात! दोन्ही! पर जीव हाय. जेवतोय, बोलतोय. म्या शेजारच्या खाटंवर हुतो!”

हंबीररावानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पोरा, मगा म्हनलास ठणठणीत हाय. आता म्हंतोस पाय न्हाईत. आमास्नी एकदम धक्का बसू नये म्हनून बोलतोयस. कळतंय आमाला. लय गुनाचा हाईस.”

“मग पत्र घाला दवाखान्याला!”

“तीन घातली जोतिबाला. एकाचंबी उत्तर न्हाई.”

“आवं, गेला असता तर सरकारची तार आली असती!”

“खालच्या आळीच्या नाथाजीचं बी सोबत्यानंच सांगिटलं. त्येचं दिस घातलं, आनि चार म्हैन्यानं तार आली.”

सिद्धूची पंचाईत झाली. खोटं बोललं तर पकडलं जात होतं आणि खरं बोललं तर दिलासा ठरत होतं. जपान्यांपुढं तो कधी डगमगला नव्हता. या दोन म्हाताऱ्या माणसांपुढं मात्र त्याचं काहीच चालेना. हंबीररावानं खडा पुन्हा फडक्यात बांधला आणि अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगला.

“आवं, टांगताय कशाला त्यो?” सिद्धू रडकुंडीला आला.

“जीवखडा हाय त्यो. मानसाला जाळलं की तितला खडा उचलायचा. धाव्यापतूर जीव त्यात ऱ्हातो. तवर घरात न्यायाचा नसतो.”

“आत दिसतोय की त्येचा जीव,” अंबूबाई हळूच म्हणाली. “पंखासकट दिसतोय.”

हंबीरराव सिद्धूकडं नवलानं बघायला लागला. “पांढऱ्या फडक्यात आनलास. उंबऱ्याच्या आत आला न्हाईस. आंगणात, आईच्या हातात दिलास. समदं रीतीनं केलंस आनि आता न्हाई म्हंतोस? का तुमच्यात ही रीतच न्हाई?”

“आमच्यात पुरत्यात,” सिद्धू म्हणाला, आणि बोलता बोलता फांदीवरच्या फडक्याकडं वळला.

हेच शब्द तो महिन्यापूर्वी बोलला होता. त्या दिवशी दवाखान्यातून सहा जण रजेवर निघाले होते. त्यात कराडचे दोन मराठे होते, जोतिबाच्या जातीचे, त्याच्याच मुलखातले. जोतिबानं त्यांच्या हाती काही दिलं नाही. सिद्धूला मात्र त्यानं खाटेजवळ बोलावलं आणि विचारलं, “गड्या, तुमच्यात मेल्यालं मानूस जाळत्यात का पुरत्यात?”

“पुरत्यात,” सिद्धू म्हणाला होता.

“मग ह्यो खडा तूच घिऊन जा.”