नवसीचा गाल

मुख्य पंच हेमचंद्र राजे यांनी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. फोटो काही बदलला नाही.

“ही ती मुलगी नाही,” ते म्हणाले.

टेबलापलीकडे बारा वर्षांची नवसी उभी होती. पायात काही नाही, पाठीवर टाचणीनं लावलेला सात नंबर. तिचा उजवा गाल कानाखालून सुरू होऊन हनुवटीच्याही खाली उतरला होता आणि जाताना ओठाचं टोक बरोबर घेऊन गेला होता. आत हाड वाढत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं आणि पोर मोठी झाली की कापू, असं सांगितलं होतं. फोटोतल्या मुलीला यातलं काहीच नव्हतं. तिचे दोन्ही गाल सारखे होते, आणि ती कुठल्याही शाळेतली कुठलीही मुलगी दिसत होती.

गंमत अशी की अंबरनाथच्या त्या मैदानावर नवसीला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. बदलापूरच्या डोंगरातल्या वाडीची ही पोर. गेल्या वर्षी खो-खोत आज समोर असलेल्याच संघाचे पाच गडी तिनं एकटीनं बाद केले होते. पण राजे सर पडले नियमाचे. दर वर्षी कुठली तरी शाळा दुसऱ्या मुलीच्या नावावर मोठी पोर खेळवायची, म्हणून एक्क्याण्णव सालापासून फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं होतं. फोटो जुळला नाही तर खेळाडू बाहेर. वाडीच्या शाळेनं मोजून नऊ मुली आणल्या होत्या, आणि आठ जणींवर खो-खो होत नाही. नवसी बाहेर म्हणजे संघच घरी.

संघाला घेऊन आलेल्या शाळेच्या भोईर बाईंनी सगळं कबूल केलं. मुलींना उल्हासनगरच्या फोटोवाल्याकडे त्यांनीच नेलं होतं. निगेटिव्हवर बारीक ब्रश फिरवून देवीचे वण, मस, डाग घालवायचे ही त्याची रोजची पद्धत. लग्नाच्या फोटोंना तर लोक तेच मागायचे. त्यानं न सांगता नवसीचा गालही तसाच घालवला आणि वर म्हणाला, “मॅडम, बच्ची का फोटो अच्छा आना चाहिए.” फोटो हातात पडला तेव्हाच बाईंना कळलं होतं की ही चूक आहे. पण चूक इतकी देखणी होती की त्यांनी डिंक लावून ती चिकटवून टाकली. हेडमास्तरांनी न बघता शिक्का मारला. नवसीला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरा फोटो काढून आणते, असं बाई म्हणाल्या. सामना दहा मिनिटांवर आलाय, असं सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पोरीच्या तोंडाकडे टक लावून बघू नये एवढं त्यांना कळत होतं. म्हणून ते फोटोकडे बघायचे, मग तिच्या पायांकडे बघायचे, आणि पुन्हा फोटोकडे. अशानं फोटो जुळणार तरी कसा?

मागं उभ्या असलेल्या आठ जणींपैकी विठा रडायला लागली. नवसीनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि ती टेबलावर वाकली.

“सर, ह्यात माझा गाल ऱ्हायलाय,” ती म्हणाली. “पेन द्या जरा.”

सरांनी पेन दिला. का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिनं घाई केली नाही. डाव्या हातानं स्वतःचा गाल चाचपला, कुठून निघतो, कुठं वळतो ते नीट बघून घेतलं आणि फोटोतल्या कानाखाली पेन टेकवला. निळी रेघ बाहेर निघाली. फोटो पासपोर्ट साइजचा, त्यात गाल मावेना. मग रेघ फोटोची पांढरी कड ओलांडून कागदावर उतरली, हेडमास्तरांच्या शिक्क्यावरून गेली, ‘जन्मतारीख’ या अक्षरांना वळसा घालून हनुवटीखाली परत आली. शेवटी तिनं ओठाचं टोक तेवढं खाली ओढलं. अगं, कागद खराब होईल, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि पोरीचा अभिमान त्याहून जास्त वाटत होता.

नवसीनं कागद फिरवून सरांपुढे ठेवला आणि तोंड उन्हाकडे केलं.

“आता बघा. नीट बघा, मी उभी हाय.”

राजे सरांनी चष्मा पुसून लावला. कागद पाहिला, मग तिला पाहिलं. या वेळी त्यांची नजर खाली घसरली नाही. त्यांनी गाल पाहिला, ओठ पाहिला, आणि मग डोळे पाहिले. ते डोळे हसत होते. एव्हाना समोरच्या संघाच्या मुलीही टेबलाभोवती जमल्या होत्या. त्यांच्या कॅप्टननं, जनीनं, वाकून बघितलं आणि निकाल दिला की गाल बरोबर आहे, फक्त जरा लहान काढलाय. गेल्या वर्षी तोच गाल तिच्या पाठीमागं धावला होता. तिला माहीत असणारच.

शिट्टी झाली तशी नवसी मैदानात पळाली. राजे सरांनी पेन पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘फोटोतील चूक खेळाडूने स्वतः दुरुस्त केली आहे. ओळख पटली.’