अर्धा राब

भट्टीत नऊ मुशी होत्या. चारांत भाजलेल्या वाफ्यातली माती, चारांत न भाजलेल्यातली, एक रिकामी. बाहेर एक लांब चिमटा, जाड हातमोज्यांचा जोड आणि पासलीहून सकाळच्या एसटीने भोरला आलेली रतनआत्या.

भट्टीवर तापमानाचा आकडा होता ४१०. दोनशेच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे गायत्रीने प्रयोगशाळेतल्या पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

“आजून किती?”

“दीड तास तरी, आत्या.”

“साडेपाचला माजी गाडी हाय.”

यंदा भाचीच्या शब्दावर आत्याने भाताच्या रोपाच्या वाफ्याचा राब अर्धाच भाजला होता. उरलेल्या अर्ध्यात शेण आणि पाला न पेटवता तसाच कुजवला. धाकटा दीर गेनबा रोज बांधावरून ओरडायचा, “वैनी, काडीपेटी धाडू का?”

भट्टीत मातीतलं जितकं जास्त जळेल, तितका तिच्यात कस. वजनातल्या त्या घटीचा आकडा घेऊनच आत्याला घरी जायचं होतं. वाफा आता नांगरून झाला होता. ही माती पुन्हा मिळणार नव्हती.

गायत्री वजनकाट्याकडे वळली आणि मागे नळ वाजला. आत्याने ओला पदर हाताला गुंडाळला होता. दुसरा हात दाराच्या मुठीकडे चालला होता.

गायत्रीने तिचं मनगट धरलं.

“आगं, चुलीवरचं पातेलं म्या असंच उतरवते.”

“पातेलं एवढं तापत नाही. ओल्या कापडाची वाफ होऊन हात सोलून निघेल तुझा! आणि गार हवेने मुशी तडकल्या तर मातीही गेली.”

आत्याने पदर पिळला.

“आदी हात म्हनलीस,” ती हसली. “गेनबा आदी माती म्हनला असता.”

साडेपाचला स्टँडवर हॉर्न वाजला. आकडा २४६. आत्याने डबा सोडला.

“खा. गाडी उद्या बी हाय.”

१९८ ला गायत्रीने मोजे चढवले, चिमट्याने एकेक मूस काढली, झाकणाच्या काचपात्रात निवायला ठेवली. सात वाजता वजनं झाली. तिने वहीत लिहिलं, आत्याने चष्मा लावून बोट ठेवत मोठ्याने वाचलं.

रिकामी मूस : घट शून्य.
भाजलेला वाफा : घट ६.१ टक्के.
न भाजलेला वाफा : घट ८.८ टक्के.