बेंदराचं जेवण

दीपमालाची बोलायची पाळी यायला अजून दोन माणसं बाकी होती, तेव्हा सरांच्या पत्नी पारूबाई सरकत तिच्याजवळ येऊन बसल्या.

ज्योतिबा होवाळ सरांचा जलदानविधी नुकताच झाला होता. कडेगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरापुढं मांडव होता. फोटोपुढची मेणबत्ती निम्मी उरली होती आणि लोक एकेक करून आठवणी सांगत होते. साखर कारखान्यातले एक जण म्हणाले, हिशेब खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, पण पाच वाजले की होवाळांना खुर्चीत बसवून दाखवावं. मैदानावर खो-खोच्या पोरी वाट बघत असायच्या. दुसऱ्यानं सांगितलं, सर मैदान आखायच्या फक्कीच्या डब्याला कुणाला हात लावू देत नसत. रेषा जरा वाकडी आली की पुसून पुन्हा आखत. आणि सामना झाल्यावर घरी येऊन बायकोला आणि मुलीला तो पहिल्यापासून सांगितल्याशिवाय पायातली चप्पल काढत नसत. लोक हसले. सरांची मुलगी माया मांडीवरच्या बाळाला थोपटत हसली.

दीपमाला त्यांच्या हाताखाली सहा वर्षं खेळली होती. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तिला साताऱ्यात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आली होती. बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य तिनं चार वेळा खोडून पाचव्यांदा नीट लिहिलं होतं: ‘आम्ही सरांना कधी घरात घेतलं नाही, त्याची मी माफी मागते.’ ते वाक्य म्हणायलाच ती आली होती.

“तुमच्या घरच्या जेवणाचं लय सांगायचे हे,” पारूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “राज्याच्या संघात तुझं नाव आलं, तवा सही घ्यायला आलते न्हवं तुमच्याकडं? बेंदूर हुता. घरी येऊन म्हणाले, पोट भरलंय, पुरणपोळी खाऊन आलोय.”

१९८८चा बेंदूर, बैलांचा सण. सांगलीहून निवडीची यादी घेऊन सर परस्पर दीपमालाच्या मळ्यातल्या घरी आले होते. वडील फाटकापर्यंत गेले. फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून त्यांनी सही केली, पोरीला सांभाळा म्हणाले आणि माघारी आले. आत पोळ्या चालल्या होत्या. तुपाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. बौद्धवाड्यातलं माणूस फाटकाच्या आत येत नसे; तसं कुणी कधी सांगितलं नव्हतं, सांगावं लागत नव्हतं. दीपमाला दारात उभी होती. सतरा वर्षांची होती. तिथून फाटक पंधरा पावलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सरांनी तिला हात केला आणि स्कूटर वळवली.

“काकू,” ती म्हणाली, “त्या दिवशी सर आमच्याकडं...”

“ठाव हाय मला.” पारूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ताट झाकून ठिवलं हुतं मी. सकाळी बघितलं तर धुऊन पालथं घातलेलं. इचारलं न्हाई. काय इचारायचं?”

मग त्यांनी मायाकडं बघितलं.

“तिला ठाव न्हाई. आपल्या बापाला पोरींच्या घरी पाटावर बसवून जेवाय घालत्यात, हे ऐकत मोठी झाली ती. तू उठशील तवा तेवढं पुरणपोळीचं सांग.”

दीपमालाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. कागद तिनं उघडला नाही.

सरांनी पळायला कसं शिकवलं, ते तिनं थोडक्यात सांगितलं. मग ती म्हणाली की संघात निवड झाली त्या दिवशी सर तिच्या घरी जेवले होते. बेंदूर होता. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या.

“किती खाल्ल्या आण्णांनी?” मायानं बसल्या जागेवरून विचारलं.

“तीन.”

“घरी एका भाकरीच्या वर कधी गेले नाहीत,” माया म्हणाली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. “कुठं बसवलं होतं?”

दीपमाला थांबली. पडवी, सोपा, स्वयंपाकघर. तिच्या डोळ्यांपुढून घर गेलं.

“आत,” ती म्हणाली. “चुलीसमोर. आमच्या वडलांच्या शेजारी.”

पुढचं आपोआप येत गेलं. आईनं तूप वाढलं, सर नको नको म्हणाले, वडलांनी आग्रह केला, कटाची आमटी सरांनी दोनदा मागून घेतली. काहीच जुळवावं लागत नव्हतं. घर तेच होतं, माणसं तीच होती. फक्त एक पाट जास्तीचा मांडायचा होता. इतकं सोपं होतं ते. तिचा आवाज बारीक झाला. लोकांना वाटलं, सरांच्या आठवणीनं झाला.

ती खाली बसली. पारूबाई जमिनीकडं बघत होत्या. माया बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती.

मागच्या रांगेत सरांचे शेजारी, म्हातारे तात्याबा बसले होते. काठीवर भार देत ते उठले, दीपमालापर्यंत चालत आले आणि त्यांनी तिच्यापुढं हात जोडले.

“लय मोठ्या मनाची माणसं,” ते म्हणाले. “घरी गेलीस की आईबाला माझा जय भीम सांग, पोरी.”