पाळण्यातला नारळ

रामजन्म झाला, पाळणा गाऊन झाला, आणि पुजारीकाकांनी पाळण्यातला, बाळासारखी कुंची घातलेला नारळ उचलला. ज्या घरात मूल हवं असतं, तिथल्या सुनेच्या ओटीत तो घालतात. पाच वर्षं तो माझ्या ओटीत पडत होता. मी सवयीनं पदर पसरला. ते माझ्यापुढून सरकले आणि नारळ माझ्या धाकट्या जावेच्या ओटीत गेला. तिच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते.

घरात पाळणा हलेपर्यंत तो नारळ फोडायचा नसतो. माझे पाचही मी कपाटात जपून ठेवले होते. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी बघते तर ती आमटीसाठी तोच खवत बसलेली.

"वहिनी, हा घेतला तर चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले, आणि रात्री आमटी दोनदा वाढून घेतली.

पुढच्याच महिन्यात तिला उलट्या सुरू झाल्या.

त्या दुपारी मी माझे पाचही नारळ मागच्या पायरीवर आपटून फोडले. आत पाणी नव्हतंच. सगळं आटून सुकं खोबरं झालं होतं. आवाजानं सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी एक वाटी उचलून हुंगली.

"छान सुकलंय. ठेव नीट, धाकटीच्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांना कामी येईल."